चौथीचा प्रकल्प, एक मोबाइल आणि गावचा पाझर तलाव

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चौथीच्या मुलांना सांगितलं, "एका किल्ल्याची माहिती गोळा करून आणा." सोमवारी बावीस वह्या आल्या. त्यातल्या अठरा वह्यांत एकाच दुकानातून काढलेल्या प्रिंटा होत्या, चित्रं कापून चिकटवलेली, भोवती स्केचपेनची वेलबुट्टी. एका मुलीने प्रतापगड घेतला होता. अफजलखान वधाच्या चित्राखाली तिने टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "प्रतापगड आवळ्यासाठी प्रसिद्ध आहे." ते उत्तर प्रदेशातलं प्रतापगढ! दुकानदाराने नाव टाकलं, वर आलं ते पान छापलं, दहा रुपये घेतले. तिने ते मन लावून उतरवून काढलं. तिला काय बोलणार? मी तिला शोधायला काही दिलंच नव्हतं.

तेव्हापासून प्रकल्प कसा द्यायचा हे चुकत-माकत शिकले. नवीन शिक्षकांना आणि रात्री दहा वाजता "उद्या प्रकल्प आणणे" हा मेसेज पाहून धास्तावणाऱ्या पालकांना उपयोग होईल म्हणून लिहितेय. सामान फार लागत नाही. मोठ्या माणसाचा एक स्मार्टफोन, मोजटेप, पन्नास मीटर सुती दोरी, एक वही. शाळेत चालू संगणक असेल तर दुधात साखर.

आधी प्रश्न, मग फोन

"माहिती गोळा करा" हे वाक्य विसरा. मुलाला असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर एका झटक्यात पडद्यावर येणार नाही. माझी कसोटी सोपी आहे. प्रश्न मी स्वतः फोनवर टाकून बघते. पहिल्याच ओळीत उत्तर आलं तर तो प्रश्न प्रकल्पाचा नाही, स्वाध्यायाचा.

"महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाला कधी गेले?" याचं उत्तर पुस्तकात आहे, जुलै १६६०. पण "त्यांना रात्रभर चालूनही पोहोचायला इतका वेळ का लागला?" असं विचारलं की मुलं नकाशाकडे वळतात. नकाशाच्या ॲपमध्ये पन्हाळ्यावर बोट दाबून धरा, खूण उमटते. खालची पट्टी वर ओढली की अंतर मोजायचा पर्याय दिसतो. तिथून विशाळगडापर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण ४० किलोमीटर भरतात. मग त्याच दोन गडांमधला गाडीरस्ता विचारा, आकडा बराच वाढतो. "बाई, सरळ का नाही गेले?" असं कुणीतरी विचारतंच. आता गूगल अर्थ उघडून दोन बोटांनी पडदा तिरका करा. डोंगराच्या सोंडा, दऱ्या, ओढे उभे राहतात. संगणकावर गूगल अर्थ प्रो असेल तर रेघ ओढून तिच्यावर राइट क्लिक केल्यावर चढ-उताराचा आलेखच मिळतो. त्यात आषाढी पौर्णिमेच्या सुमाराचा पाऊस मिळवा. आमच्या नगरकडच्या कोरड्या तालुक्यातल्या मुलांना तो पाऊस कल्पनेनेच पाडावा लागतो, पण उतारावर चिखलात पालखी घेऊन पळायचं म्हणजे काय, हे तो आलेख पाहिल्यावर त्यांना कळतं.

हा सराव एका तासिकेत होतो. मुलांच्या हाताला नकाशा लागला की खरा प्रकल्प गावातलाच घ्या. किल्ल्यावर सगळं जग लिहितं, तुमच्या गावच्या बारवेवर, वेशीवर, बाजाराच्या पारावर कुणीही लिहिलेलं नसतं. तिथे नक्कल करायला काही सापडत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

आम्ही पाझर तलाव घेतला. गावाच्या वरच्या अंगाला आहे, उन्हाळ्यात आटतो, मुलं त्यात क्रिकेट खेळतात. प्रश्न एवढाच: हा तलाव कुणी, कधी आणि का बांधला?

कागद शाळेच्याच कपाटात असतो

इंटरनेटवर जाण्याआधी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची नोंदवही, काढा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि ते स्वतः हाताळा, मुलांच्या हाती देऊ नका. पानं ठिसूळ झालेली असतात, शिवाय त्यात जातीचा रकाना असतो. मी "शाळा सोडल्याची तारीख" आणि "कारण" हे दोनच रकाने उघडे ठेवले, बाकीवर कोरे कागद ठेवून फोटो काढले. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. पानाच्या कडेला पट्टी ठेवली की अक्षराचं माप कळतं आणि फोटो वाकडा आला असेल तर तेही लगेच दिसतं.

१९७२-७३ च्या पानावर एकाखाली एक कारणं होती: परगावी गेला, मजुरीस गेला, गाव सोडले. मुलांनी ती मोजली. मग आधीच्या दोन वर्षांची मोजली. त्या वर्षी काहीतरी घडलं होतं, हे मी सांगायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं. त्या तासाला मी जवळजवळ काहीच बोलले नाही.

जुने नकाशे, जुनी पुस्तकं

इथे थोडी वाट माहीत असावी लागते, नाहीतर दिवस जातो.

गॅझेटियर (ब्रिटिशांनी काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे जाडजूड ग्रंथ) शोधताना तुमचा जिल्हा स्वातंत्र्याआधी कुणाच्या ताब्यात होता ते आधी बघा. नगर, पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक हे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते. अहमदनगरचा खंड १८८४ सालचा, साताऱ्याचा आणि पुण्याचा १८८५ चा. बीड, धाराशिव, नांदेड, परभणी मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सापडणार नाहीत. विदर्भासाठी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे खंड पाहा. हे न कळल्यामुळे माझ्या एका मैत्रिणीने बीडचं गाव मुंबईच्या खंडांत तीन रात्री शोधलं.

गावाचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकून भागत नाही. पुण्याचं तेव्हाचं रूप "पूना", सोलापूरचं "शोलापूर". छोट्या गावांच्या नावांचे तर साहेबाने काय हाल केलेत ते विचारू नका. दोन-तीन रूपं करून बघा. मजकूर जुन्या इंग्रजीत असतो. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं, पण ओबडधोबड. म्हणून परिच्छेद आधी तुम्ही वाचा, त्यातला एक निवडा आणि मुलांना सोप्या मराठीत सांगा. लोकांविषयी, जातींविषयी साहेबांनी काय काय लिहून ठेवलंय, ते सगळं चौथीच्या वर्गात वाचण्यासारखं नाही. पाऊस, पिकं, दुष्काळ, बाजार, रस्ते ही प्रकरणं घ्या. मैलाचा किलोमीटर करायला १.६ ने गुणायचं आणि इंचाचा मिलिमीटर करायला २५.४ ने. गणिताची तासिकाही इथेच उरकते.

अहमदनगरच्या खंडात १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीगत आहे. मुलांना वाटत होतं, दुष्काळ एकच, बहात्तरचा.

नकाशांसाठी टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं संकेतस्थळ बघा. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे तिथे मोफत आहेत. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आमचं गाव त्यात एका ठिपक्याएवढं आहे आणि तलाव नाही. "नाही" हीसुद्धा एक नोंद आहे, मुलांना ती वहीत लिहायला लावा. फक्त एक सावधगिरी. इतक्या लहान प्रमाणात छोटा तलाव मुळातच काढत नाहीत, त्यामुळे नकाशात नाही म्हणजे गावात नव्हता असं ठामपणे म्हणता येत नाही. उजनीच्या आसपासच्या शाळांना ही अडचण नाही. धरण १९८० साली पूर्ण झालं, त्यामुळे या नकाशात भीमा नुसती रेघ आहे आणि आजच्या उपग्रहचित्रात तिथे समुद्रासारखं पाणी पसरलेलं दिसतं. दोन चित्रं शेजारी ठेवा, मुलांना गप्प करावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तेही त्याच प्रकल्पात घ्या.

आजच्या चित्रांसाठी गूगल अर्थ आहे, इस्रोचं भुवन आहे. गूगल अर्थमध्ये जुन्या चित्रांची सरकपट्टी असते. आम्ही एकाच वर्षातलं मे महिन्याचं आणि पावसाळ्यानंतरचं चित्र काढलं, दोन्हींवर पाण्याच्या कडेने रेघ फिरवली आणि क्षेत्रफळ मोजलं. फार मागे जाऊ नका. खेड्यांची स्पष्ट चित्रं साधारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांचीच मिळतात. पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ ला, नेमक्या त्याच दुष्काळी वर्षी वर गेला, पण त्याच्या डोळ्याला आमचा तलाव म्हणजे एखाद-दुसरा ठिपका.

गावात रेंज नसेल तर नकाशाचा तुमचा भाग तालुक्याच्या गावी असतानाच ऑफलाइन उतरवून ठेवा. हे मी पहिल्या खेपेला केलं नाही आणि पंचवीस मुलं माझ्या फोनवर गोल फिरणारं चाक बघत बसली.

दोरी घेऊन तलावावर

फोनवर मोजलेलं पायांनी तपासायचं. हा भाग कधीही गाळू नका. उन्हाळ्यात, तलाव आटलेला असताना, दोन-तीन पालक सोबत घेऊन जा. पावसाळ्यात किंवा पाणी असताना अजिबात नाही.

दोरीला दर दहा मीटरवर गाठ मारली. मुलांनी बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला, २२५ मीटर. फोनवर २१० आले होते. लगेच भांडण सुरू झालं, फोन बरोबर की आपण? एक मुलगा म्हणाला, दोरी सैल होती. दुसरा म्हणाला, फोन खोटं बोलतो. बांधावर उभं राहून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बांध मध्ये वाकलाय, आणि फोनवर आम्ही दोनच टोकं जोडली होती. परत येऊन वळणावळणाला बिंदू टाकत मोजलं तेव्हा आकडे जवळ आले. नकाशातलं अंतर म्हणजे काय, हे मला फळ्यावर कधीच इतकं नीट शिकवता आलं नव्हतं.

सांडव्याजवळ, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडतं तिथे, एक कोरलेला दगड आहे. अक्षरं झिजलेली, शेवटचा अंक ३ की ८ कळेना. अशा वेळी मुलं खडू घासायला धावतात, गावातलं कुणीतरी तेल किंवा शेंदूर आणतं. दोन्ही नको, दगड खराब होतो. ऊन कलल्यावर जा, एका मुलाला दगडाच्या अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून टॉर्च धरायला सांगा आणि समोरून फोटो काढा. खोलगट भागात सावली भरते आणि अक्षर उठून दिसतं. आमचा अंक ३ निघाला. १९७३.

तुमच्याकडचा दगड त्याहून जुना असेल आणि त्यावर "शके" लिहिलं असेल, तर त्यात ७८ मिळवा. तिथी पौष ते फाल्गुन या महिन्यांतली असेल तर इसवी सन बहुधा पुढचा निघतो, म्हणून ७९. महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ आहे आणि सन १६३० येतो, तो असा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत १६२७ हे जन्मवर्ष दिसेल, तेव्हा गोंधळून जाऊ नका. छापील आहे म्हणून बरोबर असं नसतं, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आजी-आजोबांशी बोलणं

इथे वेळ काढा.

फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं ॲप असतंच. आधी फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत बँकेचा फोन येतो. फोन मांडीवर ठेवू नका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे खडखड येत नाही. पंखा बंद. सुरुवातीला तारीख आणि गाव बोलायचं आणि विचारायचं, "आबा, तुमचं बोलणं फोनमध्ये ठेवू का? वर्गात ऐकवू का?" होकारही रेकॉर्ड झाला पाहिजे.

"आबा, तलावाचा इतिहास सांगा" असं विचारलं तर आबा भाषण करतात, नाहीतर "मला काय म्हाईत" म्हणून गप्प बसतात. मुलांना छोटे प्रश्न द्या. कामावर काय खायला मिळायचं? दगड कशाने फोडायचे? पगार कोण वाटायचं? तलावाच्या कामावर राबलेल्या आमच्या आबांनी पहिल्या दहा मिनिटांत चार शब्द सांगितले असतील. मग एका पोरीने विचारलं, "आबा, तेव्हा भूक लागली की काय खायचात?" आणि आबा सुटले. लाल मिलो (तेव्हा बाहेरून आलेली लाल ज्वारी), तिची भाकरी कशी कडक व्हायची, सुकडीच्या (कामावर वाटायच्या कोरड्या खाऊच्या) रांगेत भांडं घेऊन उभं राहायचं. "लई दगूड उचलला, बाई. आन् आता पोरं तिथं बॉल खेळत्यात," म्हणाले.

वर्ष विचारू नका, जुन्या माणसांना ते नको असतं. खुणा द्या. महाराष्ट्र झाला त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप आठवतो का, तेव्हा लग्न झालं होतं का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पोरं किती मोठी होती? त्यांच्या शेजारी १ मे १९६०, ११ डिसेंबर १९६७, ३० सप्टेंबर १९९३ या तारखा मुलं आपोआप लिहितात. पुण्याकडच्या शाळांनी पानशेत घ्यावं, १२ जुलै १९६१.

आबा म्हणाले, तलाव "रोजगार हमीत" झाला. मुलांनी तसंच लिहिलं. मग आम्ही तपासलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, दगडावर १९७३. आबा खोटं बोलत नव्हते. सरकारी दुष्काळी कामं आणि पुढची रोजगार हमी योजना त्यांच्या आठवणीत एक झाली होती, शिवाय कायद्याच्या आधीही त्या नावाची योजना होतीच. वहीत आम्ही दोन्ही लिहिलं: आबा काय म्हणाले, आणि दगड काय म्हणतो.

रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना बोलून टाइप करायची सोय वापरा, मराठीत बरी चालते. पण ते वाचून दुरुस्त करायचं काम मुलांचं. आमच्याकडे "मिलो" चं "मिळो" झालं आणि "सांडवा" चं "सांडला". "म्हाईत" चं "माहीत" करू नका, आबांचं बोलणं तसंच ठेवा.

एआयला काय विचारायचं

गावातल्या मुलांच्या घरीही आता हे पोहोचलंय, म्हणून सांगते. मी एका चॅटबॉटला आमच्या तलावाबद्दल विचारलं. त्याने बांधकामाचं वर्ष सांगितलं, उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचं नाव सांगितलं, तलावात येणारे परदेशी पक्षीही मोजून दिले. आमच्या तलावाचं उद्घाटनच झालेलं नाही! मुलांना हे उत्तर वाचून दाखवलं आणि चुका शोधायला लावल्या, फार मजा आली. मुलाखतीचे प्रश्न सुचवायला, अवघड इंग्रजी परिच्छेद सोपा करायला तो कामाचा आहे. गावाबद्दल विचारू नका. आणि फोन मोठ्यांच्याच हातात राहू द्या, चौथीच्या मुलाच्या नावाने कुठेही खातं उघडू नका.

मांडणी

तक्ता करा, पण प्रिंटा चिकटवायच्या नाहीत हा आमचा नियम. मुलांनी हाताने काढलेला तलावाचा नकाशा, उत्तर दिशा, प्रमाण, दोन ऋतूंतल्या पाण्याच्या कडा दोन रंगांत. अक्षांश-रेखांश नकाशाच्या ॲपमधून. प्रत्येक वाक्यासमोर कंसात कुठून कळलं ते: दगड, रजिस्टर, आबा, नकाशा. दोघांचं जमत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. मूल्यमापनाच्या नोंदवहीत मी त्या प्रश्नचिन्हांनाच जास्त गुण देते. मुलांचे चेहरे असलेले फोटो आणि रजिस्टरचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकू नका, गावच्या ग्रुपवरही नको.

फायलींना नावं नीट द्या. फोन आपोआप जे आकडे देतो त्यावरून पुढच्या वर्षी काहीही सापडत नाही. आधी वर्ष, मग विषय, मग काय आहे ते: "२०२३-तलाव-आबांची मुलाखत". एक प्रत शाळेच्या संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक ज्याचा आवाज आहे त्याच्या घरी.

आबांचं रेकॉर्डिंग त्यांच्या नातवाच्या फोनवर टाकून दिलं होतं. पुढच्या दिवाळीत त्यांनी मला बाजारात थांबवून विचारलं, "बाई, माझा आवाज हाय का अजून तुमच्या डब्यात?" मी म्हणाले, आहे. घरी आल्यावर पेनड्राइव्ह लावला, तर तो उघडेना. नातवाकडची प्रत परत मागून आणली. तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात सगळ्या फायली एकदा लावून ऐकते.